खंडी म्हणजे किती?

"सात खंडी मेंढ्या असं तुम्ही लिहिलंय. खंडी म्हणजे किती? आणि त्या तुम्ही स्वतः मोजल्यात, की मावशींनी सांगितल्या?"

एका मेंढपाळ मावशींवर 'पारी' या संस्थेसाठी लिहिलेल्या माझ्या पहिल्या मसुद्यावर तिथल्या संपादक ताईंनी एकेचाळीस प्रश्न काढून पाठवले होते. त्यातला हा तिसरा. कर्वेनगरच्या खोलीत रात्री दहा वाजता मी तो वाचला आणि लॅपटॉप मिटून ठेवला. खंडी हे धान्याचं जुनं माप, एवढंच मला ठाऊक होतं. मेंढ्यांची खंडी किती, हे मी मावशींना विचारलंच नव्हतं. त्या बोलता बोलता म्हणाल्या, मी वहीत टिपलं आणि तसंच मसुद्यात उतरवलं. पुण्यातल्या एका दैनिकाच्या जिल्हा पानांसाठी मी सात वर्षं बातम्या केल्या. त्या सात वर्षांत एका शब्दासाठी मला कुणी असं अडवलं नव्हतं.

मावशींची आणि माझी पहिली गाठ त्या दैनिकात असतानाच पडली. पुणे-सोलापूर रस्त्यावर पहाटे एक टेम्पो मेंढरांच्या कळपात घुसला. मी पोचले तेव्हा उजाडलं होतं. मेलेली मेंढरं रस्त्याच्या कडेला ओळीनं ठेवली होती आणि एक बाई वाकून एकेकीचा कान चाचपत पुढे सरकत होती. मी पोलिसांकडून टेम्पोचा नंबर घेतला, चालकाचं नाव, गाव, वय घेतलं आणि परत फिरले. "टेम्पोच्या धडकेत २७ मेंढ्या ठार" अशी नऊ ओळींची बातमी लागली. टेम्पो कुठून कुठे चालला होता ते त्यात होतं, वाहतूक किती वेळ खोळंबली तेही होतं. मेंढ्या 'एका मेंढपाळाच्या' होत्या.

आठवड्याभरानं दुसऱ्या कामासाठी त्याच भागात गेले, तर मावशींनी मला लांबूनच ओळखलं. "पेपरात डायवरचं नाव आलं, गाडीचा नंबर आला. आमची मेंढरं काय बेवारशी व्हती का गं?" मी म्हटलं, मावशी, जागा कमी होती. त्यावर त्या काही बोलल्या नाहीत. घोड्यावरच्या ओझ्याची दोरी आवळत राहिल्या.

जागा खरंच कमी होती. जिल्हा पानावर नऊ ओळी मिळाल्या की नऊच, आणि दिवसाला चार बातम्या द्यायच्या असतात. पण एक नाव लिहायला अर्धी ओळ पुरते. मी ते विचारलंच नव्हतं, आणि विचारलं नाही म्हणून डेस्कवरच्या कुणाला ते हवं आहे असंही वाटलं नाही. हे मला फार दिवस छळत राहिलं.

पुढे दोन वर्षांनी दैनिकानं जिल्हा पानं कमी केली आणि माझी नोकरी गेली. काही महिने जाहिरातींचा मजकूर लिहून खोलीचं भाडं भागवलं. मावशींचा वृत्तांत आता नीट करायचा, हे मात्र डोक्यात पक्कं होतं. प्रश्न होता कुणासाठी करायचा. मेंढपाळ बाईच्या दिवसावर कुणी अडीच हजार शब्द छापत नाही, आणि त्यासाठी दौंडला पाच-सहा चकरा मारायचा वेळ तर कुणीच देत नाही.

रानडे इन्स्टिट्यूटमध्ये पत्रकारिता शिकत असताना ग्रामीण भागावर लिहिणारे पत्रकार पी. साईनाथ यांचे वृत्तांत आम्हाला वाचायला दिले जायचे. त्यांनी सुरू केलेली 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया', म्हणजे सगळे जिला 'पारी' म्हणतात ती संस्था, मला वाचक म्हणून माहीत होती. आता तिच्याकडे मी कामासाठी बघायला लागले. डिसेंबर २०१४ मध्ये ती सुरू झाली. मुंबईचा काउंटरमीडिया ट्रस्ट ती चालवतो. नफा कमवायचा नाही, सरकारकडून पैसा घ्यायचा नाही, थेट कंपन्यांकडूनही घ्यायचा नाही, लोकांच्या देणग्यांवर आणि स्वयंसेवकांच्या कामावर उभं राहायचं, हा तिचा बाणा. २०११ च्या जनगणनेनुसार देशात ८३ कोटींहून अधिक माणसं खेड्यांत राहतात. त्यांचं रोजचं जगणं, कष्ट, कला, भाषा नोंदवून ठेवायच्या हे तिचं काम. ती फेलोशिप देते, नवख्या पत्रकारांना हाताशी धरून लिहितं करते, शाळा-कॉलेजांतल्या मुलांनाही गावात जाऊन लिहायला शिकवते. एकच वृत्तांत डझनाहून अधिक भारतीय भाषांत वाचायला मिळतो.

आणि हे ज्यांनी उभं केलं त्यांची वाट माझ्या वाटेच्या नेमकी उलटी आहे. साईनाथ चेन्नईचे, जन्म १९५७ चा. आजोबा व्ही. व्ही. गिरी, देशाचे राष्ट्रपती. चेन्नईचं लोयोला कॉलेज, मग दिल्लीत जेएनयूमध्ये इतिहास. १९८० साली युनायटेड न्यूज ऑफ इंडियात लागले, पुढे मुंबईत 'द डेली' आणि मग आर. के. करंजियांच्या 'ब्लिट्झ' साप्ताहिकाचे उपमुख्य संपादक. म्हणजे नाव होतं, पद होतं, मुंबईत टेबल होतं. ते सोडून १९९३ साली एक फेलोशिप घेऊन ते पाच राज्यांतल्या सर्वांत गरीब दहा जिल्ह्यांत गेले. मिळेल त्या वाहनानं फिरले, आणि सुमारे पाच हजार किलोमीटर तर पायी चालले. त्यातून 'टाइम्स ऑफ इंडिया'त ८४ वृत्तांत आले आणि १९९६ साली त्यांचं पुस्तक झालं. 'द हिंदू'चे ग्रामीण घडामोडींचे संपादक म्हणून विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांवर ते वर्षानुवर्षं लिहीत राहिले. २००७ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पद्मभूषण त्यांनी नाकारलं, कारण ज्या सरकारवर आपण लिहितो त्याच्याकडून पत्रकारानं पुरस्कार घेऊ नये असं त्यांचं मत.

या सगळ्यात मला सर्वांत मोठी वाटते ती फारशी न बोलली जाणारी गोष्ट. त्या पुस्तकाची रॉयल्टी त्यांनी भारतीय भाषांत लिहिणाऱ्या ग्रामीण पत्रकारांना पुरस्कार देण्यासाठी वापरली. तालुक्याच्या गावात बसून, ओळींवर पैसे घेऊन, कुणाचा पाठिंबा नसताना लिहिणारा बातमीदार हाच खरा पत्रकार आहे असं मानणारा माणूस पुढे पत्रकारांसाठी संस्था काढतो, तेव्हा ती संस्था कशी असेल याचा अंदाज येतो. मला तो आला होता. तरी मेल पाठवताना हात थरथरत होता.

मेल मराठीत लिहिली. कोणत्याही भारतीय भाषेत लिहा असं तिथे म्हटलेलं होतं, तेव्हा आपण इंग्रजीशी झटापट का करायची? एक पान प्रस्ताव: कोण बाई, कुठला भाग, काय लिहायचं आहे. उत्तर आलं, त्यातही प्रश्नच. मावशींचा दिवस किती वाजता सुरू होतो? मुक्कामावर निर्णय कोण घेतं? मेंढ्या कुणाच्या मालकीच्या? एकाचंही उत्तर मला देता आलं नाही. मग ताईंनी फोनवर सांगितलं, "घाई नाही. आधी जाऊन राहा. उत्तरं मिळाली की लिहा." घाई नाही, हे शब्द पत्रकारितेत आल्यापासून मी पहिल्यांदा ऐकले.

पुण्याहून दौंडची डेमू पकडून केडगावला उतरायचं, तिथून पुढे ज्या रानात वाडा असेल तिथवर मिळेल त्या दुचाकीनं. मावशी मूळच्या पारनेर तालुक्यातल्या. वाडा म्हणजे धनगरांचं फिरतं घर, चार-पाच कुटुंबांची बिऱ्हाडं आणि त्यांची मेंढरं एकत्र. दुसऱ्या खेपेला मी तिथे तीन रात्री राहिले. पहाटे चारला मावशी उठल्या. तीन दगडांची चूल, भाकरी, मग भांडी, अंथरुणं, पिठाची पिशवी, पाण्याचे ड्रम सगळं घोड्यावर. डालग्यातल्या कोंबड्या वर बांधल्या, कालच जन्मलेलं कोकरू गोणपाटाच्या खोळीत घालून एका बाजूला अडकवलं, मान तेवढी बाहेर. गडीमाणसं मेंढरं घेऊन चारणीला निघतात आणि बाया घोडी घेऊन पुढच्या मुक्कामाला. पाणी कुठे जवळ आहे, रान कोरडं आहे का, शेजारचा शेतकरी भांडकुदळ आहे का, हे बघून वाडा कुठे टाकायचा ते बायाच ठरवतात. ऊस तुटून मोकळ्या झालेल्या रानात रात्री मेंढरं बसवतात, त्यांच्या लेंडीखताचे शेतकरी ज्वारी नाहीतर रोख पैसे देतो. तो सौदाही त्या दिवशी माझ्यासमोर मावशींनीच केला. दैनिकात 'मेंढपाळ' हा शब्द आम्ही कायम पुल्लिंगी लिहीत आलो.

लोकरीबद्दल मी विचारलं तर त्या उठल्या, घोंगडीचा कोपरा माझ्या हातात दिला. खरखरीत, जड, पावसातही आत पाणी न येऊ देणारी. दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी असते, तिला आता गिऱ्हाईक नाही. कातरणाऱ्याची मजुरी लोकरीच्या पैशातून निघत नाही, पण कातरावं तर लागतंच. "आता मेंढरू म्हंजी मटान आन खत," त्या म्हणाल्या.

एवढं सगळं बघून मी मसुदा लिहिला आणि तरी एकेचाळीस प्रश्न आले. सुरुवातीला राग आला, नंतर रडू आलं, आणि सकाळी मी ते छापून घेऊन डेमूत बसले. अपघाताच्या पहाटे मावशी मेलेल्या मेंढ्यांचे कान का चाचपत होत्या, हाही त्यात एक प्रश्न होता. मी ते दृश्य मसुद्यात मोठ्या मायेनं लिहिलं होतं, दुःखानं हात फिरवत होत्या असं. मावशींना विचारलं तर त्या म्हणाल्या, "कान वळखत हुते." प्रत्येक घराची कानाला पाडलेली खूण वेगळी असते. वाड्यात कळप एकत्र चालतात. मेलेल्यांत आपल्या किती आणि दिराच्या किती, ते त्या बोटांनी मोजत होत्या. मला दुःख दिसलं होतं, त्या हिशेब करत होत्या. दुःखही असेलच, पण त्याबद्दल त्या बोलल्या नाहीत आणि मी ते त्यांच्या तोंडी घालायचं कारण नव्हतं. ते वाक्य मी काढलं.

मग खंडी. "वीस म्हंजी येक खंडी," मावशींनी सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मोजूनच दाखवलं. रात्री मेंढरं वाघरीत, म्हणजे दोरीच्या जाळीच्या कुंपणात कोंडलेली असतात. सकाळी जाळी एका बाजूनं जराशी उचलली की ती रेटारेटी करत बाहेर पडतात. मावशी उभ्या राहिल्या, वीस झाली की एक बोट मिटायच्या. मी शेजारी उभी राहून वहीत रेघा ओढत होते. त्यांची सहा बोटं मिटली आणि वर अकरा राहिली. माझ्याही रेघा तेवढ्याच. १३१.

"मावशी, तुम्ही तर सात खंडी म्हणाला होतात."

त्यांनी वाघर गुंडाळायला घेतली. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "सातच्या वर व्हती. टेम्पोच्या आधी. तवापासून काय सात भरली न्हाईत. तोंडात सातच बसलंय."

त्या उत्तरासाठी मी एकेचाळीस काय, चारशे प्रश्न सोसले असते. अपघाताला अडीच वर्षं होऊन गेली होती. मधल्या काळात कोकरं जन्मली, काही विकली, काही रोगानं गेली, एक लांडग्यानं नेलं. कळप काही पूर्ववत झाला नव्हता. नुकसान किती हे कुठल्याच पंचनाम्यात नव्हतं, ते मावशींच्या जिभेवरच्या एका जुन्या आकड्यात होतं. मी तो आकडा ऐकून, टिपून, सुंदर शब्द म्हणून मसुद्यात घालून मोकळी झाले होते. वृत्तांताची सुरुवात मग तिथूनच झाली.

संपादन जवळजवळ अडीच महिने चाललं. फोटोतल्या प्रत्येक माणसाचं नाव, त्याची परवानगी, फोटो कुठला आणि कधीचा. मावशींना स्वतःचं नाव कसं लिहिलेलं हवंय? हा प्रश्न मला आधी फालतू वाटला. रेशनकार्डावर एक नाव होतं, आधारवर दुसरं, आणि माहेरी ज्या नावानं हाक मारत ते तिसरं. त्यांनी तिसरं निवडलं. इथे मी त्यांना नुसतं मावशी म्हणतेय, कारण नाव छापायची परवानगी त्यांनी त्या वृत्तांतासाठी दिली होती. या लिखाणासाठी मी विचारलेलं नाही.

त्याच काळात पारीवरच्या जात्यावरच्या ओव्या मी रोज रात्री ऐकत होते. हा ठेवा मूळचा आपल्या पुण्याचा. हेमा राईरकर आणि गी पॉइटवां या दोघांनी १९८० च्या दशकापासून मुळशी-मावळापासून मराठवाड्यापर्यंत हजारावर गावांत बायांच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून अधिक ओव्या, आणि प्रत्येक ओवीमागे ती गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव. २०१७ पासून पारी त्या लोकांपुढे आणते आहे. पीठ दळताना पहाटे गायलेल्या दोन ओळींनाही धनीण असते, हे ज्यांनी मानलं त्यांनी ती नावं जपली. याच पुण्यात, भांबुर्ड्याच्या कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली 'दीनबंधू' काढलं ते शेतकऱ्या-कामकऱ्यांचं म्हणणं छापायला दुसरी जागा नव्हती म्हणून. आपल्या शहरात या कामाला जुनी मुळं आहेत. मी ती परीक्षेपुरती पाठ केली होती.

शेवटचा मसुदा तयार झाल्यावर मी तो मावशींना वाचून दाखवायला गेले. वाडा तेव्हा पाटसच्या बाजूला होता. संध्याकाळची वेळ, चुलीपुढे त्या, शेजारी नात, मी फोनच्या उजेडात वाचत होते. दुसऱ्याच परिच्छेदात त्यांनी अडवलं. मी लिहिलं होतं, 'वर्षातले आठ महिने यांची भटकंती चालते.'

"भटकती गुरं. आमी भटकत न्हाई, पोरी. कंच्या रानात कवा जायचं ते आमाला ठावं असतं. माझ्या सासऱ्याच्या बापापास्नं ह्योच रस्ता हाय."

मी तो शब्द खोडला आणि वर लिहिलं, 'ठरलेल्या वाटेनं.' नात मान वाकवून बघत होती. पुढचा भाग मी वाचेन म्हणाली. दहावीत आहे, गावाकडे आजोबांजवळ राहून शिकते, सुट्टीपुरती आली होती. तिनं सावकाश, प्रत्येक शब्द सुटा करत वाचलं. आजीचं नाव आलं तिथे क्षणभर थांबली, आजीकडे बघितलं, पुन्हा वाचायला लागली. अपघाताचा परिच्छेद आला. 'त्या पहाटे सत्तावीस मेंढ्या मेल्या.'

"अठ्ठावीस," मावशी म्हणाल्या.

मी म्हटलं, मावशी, पोलिसांच्या कागदावर सत्तावीस आहे. मी स्वतः रस्त्यावर सत्तावीस मोजल्या होत्या.

"रस्त्यावर सत्तावीसच. येक पाय मोडून पडलं हुतं. घोड्यावर घालून आणलं, रातभर शेक दिला. दुसऱ्या दिवशी दुपारी गेलं. ते कोन लिहिनार?"

चूल विझत आली होती. नातीनं तिच्या दप्तरातलं पेन काढून माझ्या कागदावर सत्तावीसवर काट मारली आणि अठ्ठावीस लिहिलं. मी तिथूनच, रेंज यावी म्हणून बांधावर उभी राहून, ताईंना मेसेज केला: आकडा २८ करायचा आहे, एक दुसऱ्या दिवशी मेलं.

पाच मिनिटांत उत्तर आलं. "करते. ती मेंढी होती, मेंढा होता की कोकरू, तेवढं विचारून कळवा."

मी बांधावरून खाली उतरले आणि मावशींना विचारायला गेले.